सिंक खिडकीखाली घ्या म्हणणाऱ्या आजी

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे गैरसमज नको. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, कधीच नव्हता. मी बेलापूरला एका विमा कंपनीत क्लेम्सचं काम बघते. दिवसभर लोक मला न घडलेल्या गोष्टी घडल्या म्हणून सांगतात, आणि त्या घडलेल्या नाहीत हे शोधून काढायचा मला पगार मिळतो. या ग्रुपवर लोकांनी लिहिलेले अनुभव मी जेवणाच्या सुट्टीत आवडीने वाचते आणि बहुतेकांवर मनातल्या मनात ‘पुरावा अपुरा’ असा शेरा मारून डबा बंद करते. त्यामुळे आज मीच लिहायला बसलेय, हे माझं मलाच जरा... असो.

जागा सीवूड्स. स्टेशनपासून चालत जाता येतं, पण मॉलच्या बाजूला नाही, पलीकडे. चार मजली, बिनलिफ्टची जुनी बिल्डिंग, दुसऱ्या मजल्यावर आमचा छोटा टू बीएचके. सोसायटीचं नाव देत नाही. सेक्रेटरींनी तशी विनंती केली आहे, फ्लॅटचे भाव पडतात म्हणे. घर माझ्या सासऱ्यांना सरकारी घरांच्या लॉटरीत लागलं होतं, कोरं करकरीत. आमच्या आधी त्यात कुणी राहिलेलं नाही आणि कुणी गेलेलंही नाही. सासरे गेले ते कराडला, हॉस्पिटलमध्ये, सगळे जवळ असताना. हे मुद्दाम लिहितेय, कारण पुढे प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो.

घरात आम्ही चौघं. मी, माझा नवरा संजय, बारावीतली मुलगी सई, आणि माझ्या सासूबाई. त्यांना आम्ही सगळेच आई म्हणतो, सईसुद्धा.

तर घर जुनं झालं होतं. किचनच्या ओट्याला तडे, बाथरूमला ओल, आणि खिडक्या अशा की उघडल्या तर लागत नाहीत, लागल्या तर उघडत नाहीत. संजयच्या डोक्यात उलवे बसलं होतं. त्याचं ऑफिस कळंबोलीला, लोखंडाच्या मार्केटमध्ये. तिथले त्याचे निम्मे मित्र उलव्याला शिफ्ट झाले होते आणि रोज डब्याच्या वेळेला एअरपोर्ट, ब्रिज, लिफ्ट, पोडियम वगैरे त्याच्या कानावर घालत होते. एका रविवारी आम्ही चौघं सॅम्पल फ्लॅट बघायला गेलो. खरंच छान होता. नंतर सई तिथल्या पलंगावर आडवी झाली, तर तिचे पाय घोट्यापासून बाहेर. खोली मोठी दिसावी म्हणून पलंगच छोटा करून ठेवला होता. माझ्यातली क्लेम्सवाली तिथेच जागी झाली.

आईंनी खिडकीतून खाली बघितलं. अठरावा मजला होता.

“हितनं भाजीवाला दिसतो का?” त्यांनी तिथल्या मुलीला विचारलं.

“आजी, इथे ॲपवर सगळं येतं.”

“येत आसंल. दिसतं का, ते इचारलं मी.”

 त्यानंतर आठवडाभर आमची भांडणं झाली आणि शेवटी मी जिंकले. उलवे कॅन्सल, आहे तेच घर नीट करायचं. संजय म्हणाला, “ठीक आहे. पण काम तू बघायचं, आणि झाल्यावर कुणी कुरकुर करायची नाही. बिघडलं तर मी दर रविवारी उलवे काढणार.” म्हणजे सगळी जबाबदारी माझ्या डोक्यावर.

पलीकडच्या सेक्टरमध्ये तात्पुरती जागा भाड्याने घेतली. आईंना धुळीचा त्रास, म्हणून त्या कराडला माझ्या नणंदेकडे गेल्या. कॉन्ट्रॅक्टर बाळाराम, इकडच्याच गावातला, आगरी. त्याच्याबरोबर टाइल्स लावणारा रामसुरेश, आणि मधून मधून सुतार. मी मोबाईलवर चित्रं दाखवून सगळं समजावून सांगितलं. बाळारामने मान हलवली आणि तोडफोड सुरू झाली.

पहिला आठवडा नुसता डेब्रिज. दुसऱ्या आठवड्यात ऑफिसमधून येताना मी डोकावले, तर ओट्याचा सांगाडा उभा होता आणि सिंक भलत्याच बाजूला होतं. मी ते आतल्या भिंतीकडे सांगितलं होतं, त्यांनी खिडकीखाली घेतलं होतं. पाइपसुद्धा फिरवून झाला होता.

“बाळाराम, हे काय केलंत?”

“सिंक,” तो म्हणाला.

“सिंक दिसतंय मला. इथे का?”

“आजीनी सांगितला ना. बोलल्या, भांडी घासताना बाईला भिंत बगायला लावू नका, सिंक खिडकीखाली घ्या. बरोबर बोलल्या. मला पन पटला.”

“कुठल्या आजी?”

“तुमच्या घरच्या आजी. दुपारच्याला आल्या होत्या.”

मी तिथल्या तिथे संजयला फोन लावला. माझा संशय सरळ होता... आईंनी कराडहून फोनवर बाळारामला गाठलं असणार आणि तो ‘आल्या होत्या’ म्हणतोय ते बोलण्याच्या ओघात. संजय कळंबोलीहून थेट तिथेच आला आणि त्याने आईंना फोन लावला, स्पीकरवर, सगळ्यांसमोर.

“आई, तू बाळारामला काही सांगितलंस का?”

“कोन बाळाराम?”

“कॉन्ट्रॅक्टर. सिंक खिडकीखाली घ्या म्हणून.”

“मी कशाला सांगू? मला कुनी इचारलं का?”

संजयने फोन रामसुरेशसमोर धरला. “यही आवाज था क्या?”

रामसुरेशने नीट ऐकलं. “नहीं साहब. वो माताजी तो बहुत धीरे बोलती हैं.”

पलीकडून मग आई म्हणाल्या, “म्हंजे? मी काय वरडते?” आणि त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर दोन दिवस त्या आमच्याशी बोलल्या नाहीत. नणंदेकडून मात्र रोज निरोप येत होता की ती कोण हळू बोलणारी बाई आहे, तिचा तपास लावा.

मी स्वतःची समजूत घातली की बिल्डिंगमधलीच कुणीतरी रिकामटेकडी म्हातारी असेल. आमच्याकडे तशी उणीव नाही. मी बाळारामला बजावलं, “यापुढे माझ्याशिवाय कुणाचंही ऐकायचं नाही.” तो हो म्हणाला.

आणि पुढच्या आठवड्यात बाथरूमचा उंबरा गायब. बाहेरची फरशी आणि आतली फरशी अगदी पातळीत, पाणी मात्र आतल्या कोपऱ्याकडे बरोबर उतरत होतं. मी पसंत करून पाठवलेल्या गुळगुळीत, राखाडी टाइल्सचे खोके बाहेरच्या खोलीत न उघडता पडले होते. त्यांच्या जागी खरखरीत, साध्या टाइल्स.

“माताजी ने मना किया,” रामसुरेश म्हणाला. “बोलीं, चिकना है, कोई गिरेगा.”

“मी म्हटलं होतं ना, कुणाचं ऐकू नका?”

रामसुरेशने बाळारामकडे बघितलं. बाळारामने जमिनीकडे बघितलं. “मॅडम, तुमी फोनवर वरडता, तर काय वाटत नाय,” तो म्हणाला. “पन त्या समोर उभ्या रातात. वरडत नाय, काय नाय. नुसत्या बगतात. मग मानूस नाय कसा बोलंल?”

त्या संध्याकाळी भाड्याच्या घरात आमचं रीतसर भांडण झालं. सई हेडफोन लावून बसली होती, पण तिने आवाज बंद ठेवला होता, हे मला नंतर कळलं.

“तुला उलवे नको होतं, मी थांबलो,” संजय म्हणाला. “डिझाइन तू ठरवलंस, मी काही बोललो नाही. आता तेही परस्पर बदलतेस, आणि वर आजीची गोष्ट सांगतेस.”

“मी बदलतेय? तुझ्या आईने कुणाला तरी पाठवलंय, आणि तुला ते माहितीय.”

“आईचं इथे कोण आहे पाठवायला?”

“मग तूच सांगितलं असशील. तुला हे काम बिघडायलाच हवंय.”

हे मी बोलायला नको होतं. तो चपला घालून खाली गेला. परत आला तेव्हा हातात वडापाव होते, चौघांचे. आई कराडला आहेत हे तो विसरला होता. चौथा वडापाव बराच वेळ टेबलावर तसाच पडून होता आणि आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत होतो. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा माणूस खोटं बोलत नाहीये. आणि मीही बोलत नव्हते.

मग मी माझ्या पद्धतीने तपास सुरू केला. आमच्या धंद्यात पहिला प्रश्न असतो, फायदा कुणाचा. बाळारामचा काहीच नव्हता. उलट प्रत्येक बदलात त्याचं काम वाढत होतं आणि तो वैतागला होता. वॉचमन म्हणाला की बाहेरची कुणी आजी आलेली नाही, पण तो दुपारी झोपतो हे सगळ्या सोसायटीला माहीत आहे. कॅमेरा आहे, पण पार्किंगमधून पेट्रोल चोरीला जायला लागल्यापासून त्याचं तोंड स्कूटरींकडे वळवलेलं आहे. बिल्डिंगमधल्या सगळ्या म्हाताऱ्या मी एकेक करून तपासल्या. एकीचे गुडघे, दुसरी अमेरिकेत, तिसऱ्या आमच्या बरोबर खालच्या सामंत काकू, ज्यांना बाळाराम चांगलं ओळखत होता. “त्या नाय,” तो म्हणाला. “त्या येतात आनि डेब्रिजवरून भांडतात.”

राहिला एकच मार्ग. मी एका शनिवारी सुट्टी टाकून सकाळपासून घरात जाऊन बसले.

जेवणाची वेळ झाली, कुणी आलं नाही. बाळाराम बाल्कनीत, रामसुरेश किचनमध्ये, मी मधल्या खोलीत सिमेंटच्या गोणीवर. बाथरूम मी दोनदा बघून आले होते. नळ कुठे येणार, साबणाचं कपाट कुठे, सगळं बघितलं. कोऱ्या टाइल्स, स्वच्छ पुसलेल्या.

दुपारी खालून सामंत काकूंनी हाक मारली, म्हणून मी दाराबाहेर आले. त्या जिन्यात अर्ध्यावर उभ्या होत्या. डेब्रिज, पाण्याचा डाग, ड्रिलिंगची वेळ, हे सगळं त्यांना सांगायचं होतं. मी दारासमोरच्या पायरीवर उभी राहून ऐकत होते. आमच्या बिल्डिंगला जिना एकच. वर किंवा खाली, कुठेही जायचं तर माझ्या अंगाला घासून जावं लागलं असतं. समोरचा फ्लॅट बंद असतो, मालक दुबईला.

काकूंचं संपल्यावर मी आत गेले, तर बाळाराम म्हणाला, “आत्ताच गेल्या.”

“कोण?”

“आजी. बाथरूम दाखवून गेल्या. तुमाला नाय भेटल्या?”

“कुठून गेल्या?”

“दारातून,” तो म्हणाला. मी काहीतरी खुळ्यासारखं विचारतेय असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. “आनखी कुटून जातील?”

“दारात मी होते.”

त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. रामसुरेश किचनमधून बाहेर आला आणि म्हणाला, “मॅडम, आप के बाजू से ही तो गयीं.”

मी बाथरूममध्ये गेले. कमोडच्या शेजारच्या भिंतीवर आणि शॉवरच्या खाली, अशा दोन ठिकाणी खडूने आडव्या रेघा मारल्या होत्या. खडूची पांढरी पूड खाली फरशीवर पडलेली. बोट लावलं तर बोटाला लागली.

“हितं स्टीलची दांडी लावा बोलल्या, पकडायला,” बाळाराम मागून म्हणाला. “भिंतीला नुसता स्क्रू नको, आरपार बोल्ट मारा बोलल्या.”

मी वर गच्चीपर्यंत जाऊन आले. गच्चीला कुलूप होतं.  

त्या संध्याकाळी मी संजयला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “दांडी? आपण घर करतोय की दवाखाना?” पण लावू नका असं काही त्याने बाळारामला सांगितलं नाही. मीही नाही. का, ते विचारू नका. खडूच्या रेघा पुसायला माझा हात झाला नाही, एवढंच.

सईने या प्रकरणात शिरायचं ठरवलं. तिची चित्रकला चांगली आहे. तिने रामसुरेशला समोर बसवलं, कागद घेतला आणि पोलीस करतात तसं त्या आजींचं चित्र काढायला घेतलं. कपाळ असं, केस मागे, नाक थोडं मोठं, नहीं नहीं, और थोडा. साडी हिरवट, चष्मा जुन्या फ्रेमचा. अर्ध्या तासाने रामसुरेश खुश होऊन म्हणाला, “हाँ, बस, यही हैं.”

आम्ही सगळ्यांनी बघितलं. तो साडी नेसलेला संजय होता. अगदी हुबेहूब, चष्म्यासकट.

संजयने ते चित्र घडी करून खिशात घातलं आणि नंतर ते कुठे गेलं, हे त्याला आठवत नाही असं तो म्हणतो. त्याच्या माहेरच्या... म्हणजे त्याच्या घराण्यातल्या, आजोळच्या, सगळ्या बायकांचे फोटो नणंदेने कराडहून पाठवले. बाळारामने एकेक फोटो मोठा करून बघितला आणि प्रत्येक वेळी मान हलवली. नाही. यातली एकही नाही. मग तो स्वतःच म्हणाला, “मॅडम, हितं आधी मिठागरं होती. आमच्या म्हाताऱ्यानी काम केलंय. हितं घरच नव्हता, तर कोन म्हातारी येईल?” मलाही ते पटलं. मिठागरातल्या एखाद्या बाईचा आत्मा भटकत असता, तरी मिक्सरचा प्लग ओट्यापासून किती उंच असावा, हे तिला कुठून कळलं असतं? हो, प्लगचंही सांगून गेल्या होत्या. आणि झोपायच्या खोलीतला पोटमाळा रद्द करायला लावून, सुताराकडून खिडकीखाली बसायचा कट्टा करून घेतला होता. डोक्यावर सामान ठेवून झोप येत नाही म्हणे.

एव्हाना मी भांडायचं सोडून दिलं होतं. खरं सांगायचं तर ऑफिसमधून येताना मला उत्सुकता असायची, आज काय बदललं असेल. आणि आणखी खरं सांगायचं तर, मी सांगितलेल्या गोष्टींपेक्षा त्या गोष्टी बऱ्या होत होत्या. हे मी संजयसमोर कबूल केलं नाही.

कराडला आईंना मात्र चैन पडत नव्हती. आपल्या घरात दुसरीच कुठली बाई हुकूम सोडतेय, हे त्यांना सहन होईना. रंगकाम सुरू असतानाच त्या येऊन धडकल्या. कराडची बस कळंबोलीला थांबते, संजय त्यांना घ्यायला तिथे गेला होता. त्या भाड्याच्या घरी न जाता आधी इकडेच आल्या, दोन मजले थांबत थांबत चढून, आणि दारात उभ्या राहून म्हणाल्या, “दावा. काय काय केलंय तिनं.”

त्यांनी सगळं घर बघितलं, चुका काढायच्या तयारीने. सिंकसमोर उभ्या राहिल्या. खिडकीतून खालचा रस्ता दिसत होता, कोपऱ्यावर भाजीची गाडी होती.  कट्ट्यावर बसून बघितलं, उठून बघितलं. प्लग बघितला. मग बाथरूममध्ये गेल्या आणि दार लावून घेतलं.

बराच वेळ झाला. आत काही आवाज नाही. संजयने दारावर टकटक केली. “आई?”

“थांब की.”

बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा वेगळाच होता. पदराने हात पुसत त्या म्हणाल्या, “दांडी बरुबर जाग्यावर हाय.” जरा थांबून म्हणाल्या, “मी गेल्या दिवाळीपास्नं बादलीला धरून उठत हुते. एकदा बादलीच कलांडली.”

“मग बोलला का नाहीत?” मी विचारलं.

“बोलले आसते तर तुमी म्हनला आसता, आईला झेपत न्हाई, चला लिफ्टच्या बिल्डिंगीत.” त्या संजयकडे बघत होत्या. “अठराव्या मजल्यावर बसवून ठेवली आसती मला. खाली कोन गेलं, कोन आलं, कायबी दिसत न्हाई तितनं.”

 संजय बाथरूममध्ये गेला आणि बाळारामचा पाना घेऊन त्या दांडीचे बोल्ट आवळत बसला. ते आधीच घट्ट होते. आम्ही त्याला तिथे तसाच सोडला. तेव्हापासून त्याने उलव्याचं नाव काढलेलं नाही.

मी मात्र पेशाला जागून एकदा विचारलंच. “आई, खरं सांगा. तुम्ही कुणाला पाठवलं होतंत का? मी रागावणार नाही.”

“मी कुनाला पाठवू?” आई म्हणाल्या. “मला तर त्या बाईचा रागच आला हुता. अजून हाय थोडा. पन डोकं हाय तिला.”

पुढचं काम बिनबोभाट झालं. आजी पुन्हा आल्या नाहीत. बाळारामने दोन-तीनदा विचारलं, “आजींची तब्येत बरी हाय ना?” मी बरी आहे म्हणाले. काय सांगणार? आम्ही परत राहायला आलो, घर छान झालं आणि येणारा-जाणारा विचारायला लागला की डिझाइन कुणी केलं. संजय माझ्याकडे बघायचा, मी दुसरीकडे बघायचे. हा अनुभव इथेच संपला असता तर मी कदाचित लिहिलाही नसता. कामगारांना उन्हातान्हात काहीतरी भास झाला, दोघांनी मिळून वाढवला, असा शेरा मारून फाइल बंद केली असती.

पण मग खालच्या सामंत काकूंनी घर करायला काढलं. आमचंच बघून. त्यांचा मुलगा त्यांना पनवेलकडे नवीन टॉवरमध्ये न्यायचं म्हणत होता, त्या नाही म्हणाल्या. कॉन्ट्रॅक्टर वेगळा, माणसं वेगळी. त्यांचा आणि बाळारामचा काडीचा संबंध नाही, ते मी तपासलंय.

एक दिवस ऑफिसात काकूंचा फोन आला. “वैशाली, तुमची ती आजी आमच्याकडे आली हो.”

तुम्हाला वाटेल मला भीती वाटली. मला राग आला. म्हणजे अगदी आपल्या माणसाने दुसरीकडे जेवून यावं, तसा. मी हाफ डे टाकून तडक काकूंच्या घरी गेले. तिथे प्लंबर होता, रत्नागिरीकडचा, शांत माणूस.

“हिरवट साडी?” मी विचारलं.

“हो. चष्मा. फार हळू बोलतात.”

“काय म्हणाल्या?”

“नळाची उंची सांगितली. आणि म्हणाल्या, वरच्या घरात एक गोष्ट चुकली, ती इथे करू नका.”

“कोणती गोष्ट?”

“ते मी विचारलं. तर म्हणाल्या, तुम्ही करायला लागलात की सांगेन.”

त्या दिवसापासून आमच्या घरात शांतता नाही. संजयच्या मते टीव्हीची भिंत चुकली, आणि तो मला हे आधीपासूनच सांगत होता म्हणे. सईच्या मते तिचं टेबल. मला ओट्याच्या उंचीची शंका आहे. आईंना कशातच चूक दिसत नाही आणि त्याचाच त्यांना जास्त त्रास होतोय. त्या रोज दुपारी जेवण झालं की खाली जाऊन सामंतांच्या पसाऱ्यात बसतात, ती बाई आली की विचारायचं म्हणून. ती काही त्यांच्यासमोर येत नाही.

मागच्या आठवड्यात एक दिवस मला सुट्टी होती, म्हणून मीही आईंबरोबर बसले होते. आम्ही दोघी बाल्कनीत काकूंच्या झाडांबद्दल बोलत होतो. प्लंबर आतून आला आणि म्हणाला, “आजी वर गेल्या. तुमच्याच घरी. म्हणाल्या, अजून तसंच आहे का बघून येते.”

आई कठड्याला धरून जेवढ्या घाईने चढू शकतात तेवढ्या घाईने चढल्या, मी पुढे. दाराला कुलूप होतं, मी लावलं होतं तसंच. उघडून आत गेलो. कुणी नव्हतं. सगळं जागच्या जागी होतं. आई मधल्या खोलीत उभ्या राहिल्या, दम खाल्ला, आणि रिकाम्या घराला हळू आवाजात म्हणाल्या... मी त्यांना इतकं हळू बोलताना पहिल्यांदाच ऐकलं... “बाई, काय चुकलंय तेवढं सांगून जा. आमी वाईट न्हाई वाटून घेनार.”

 हॉलमधला पंखा चालू होता. आई म्हणतात, निघताना त्यांनी स्वतः बंद केला होता. मी म्हणते, केला नसेल. यावर आमचं अजून एकमत नाही.

तर असं आहे. भूत, भास, योगायोग, काय म्हणायचं ते म्हणा, माझ्याकडे स्पष्टीकरण नाही आणि आता मला ते फारसं नकोही आहे. कमेंटमध्ये वास्तुशांत करा, नारळ द्या, उदबत्ती लावा असं कुणी कृपया लिहू नये, घरात आधीच खूप सल्ले आहेत. तुमच्यापैकी कुणाकडे घराचं काम चालू असेल आणि हिरवट साडीतल्या, हळू बोलणाऱ्या आजी तिथे आल्या, तर त्यांना एवढंच विचारा... सीवूड्सच्या दुसऱ्या मजल्यावर नक्की काय चुकलं? आमची तोडफोडीची तयारी आहे.